कपाशीचे फूल आणि माणसाचा हात



या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अध्यात्म आणि राजकारण यांवर बोलणारी विद्वान मंडळी दरवर्षी येतात. चालकांनी मला पाचारण केले तेव्हा किमान वेतन, कंत्राटी पद्धत किंवा संपाचा हक्क यांपैकी काही ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तो ‘कपाशीच्या फुलातील बीजधारणा’. पत्रिका छापण्यापूर्वी कार्यवाहांनी नम्रपणे विचारले, विषय लिहून घेताना आमच्याकडून काही चूक तर झाली नाही ना? चूक झाली नाही. किमान वेतनापर्यंत मी येणारच आहे, पण फुलाच्या वाटेने येणार आहे.

माझा संबंध जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतील कामगारांशी. जिनिंग म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करायची आणि प्रेसिंग म्हणजे त्या रुईच्या गासड्या बांधायच्या. हे काम वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर चालले असता मला एक साधा प्रश्न पडला: सरकीला मुळात रुई असतेच का? ज्यांना विचारले त्यांनी ‘देवाची करणी’ असे उत्तर दिले. ते खोटे नसेल, पण त्याने माझे समाधान झाले नाही. शाळा माझ्या वाट्याला फार आली नाही. तेव्हा शब्दकोश शेजारी ठेवून वनस्पतिशास्त्राची पुस्तके वाचू लागलो आणि अडेल तिथे कृषी महाविद्यालयातील मंडळींना विचारू लागलो. त्यांतून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

रुईचा प्रत्येक तंतू ही एकच एक पेशी असते. पेशी म्हणजे सजीवाचा लहानात लहान घटक. एरवी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसायची नाही. पण बीजाच्या वरच्या सालीवरील काही पेशी ताणल्या जाऊन इंचभर लांब होतात. रुंदीच्या हजारपटीहून अधिक त्यांची लांबी. आणि मौज अशी की या पेशी फुगून वर डोकवायला लागतात त्या ज्या दिवशी फूल उमलते त्याच दिवशी. पुढे सुमारे तीन आठवडे तंतू लांबत जातो, मग आतून त्याची भिंत जाड होत जाते, आणि फुलापासून साधारण पन्नास दिवसांनी बोंड फुटते. परंतु हे सारे घडण्याला एक अट आहे. त्या बीजाची फलधारणा झाली पाहिजे. फुलातले बीजांड फळले नाही तर फूल दोन-चार दिवसांत गळून पडते. बोंडात काही बीजांडे फळली आणि काही राहिली, तर राहिलेल्यांची वाढ खुंटून त्यांचे वांझ, चपटे बी होते आणि त्यावर आखूड, दुबळे तंतू राहतात. सूतगिरणीत पिंजण्याच्या यंत्रावर जो कचरा वेगळा काढावा लागतो, त्यात हे वांझ बी असते. म्हणजे आपण या सभागृहात बसलेल्यांच्या अंगावर जे सुती कापड आहे, त्याचा एकेक तंतू हा कुठल्या तरी फुलात यथास्थित घडलेल्या नरमादीच्या मीलनाचा पुरावा आहे.

नरमादी हा शब्द उच्चारला की सभेत थोडी चुळबुळ होते, ती मी पाहतो आहे. तीनशे वर्षांपूर्वी युरोपातही अशीच चुळबुळ झाली होती. फुलांत लिंगभेद आहे ही गोष्ट प्रयोगाने दाखवली ट्यूबिंगेनच्या कामेरारियसने, 1694 साली. त्याचा प्रयोग आपल्याकडे कोणत्याही परसात करता येईल. एरंडाच्या तुऱ्यात खाली नरफुले आणि वर मादीफुले असतात. त्याने नरफुले उमलण्यापूर्वीच खुडून टाकली. वरच्या मादीफुलांत पोकळ टरफले धरली, बी धरले नाही. पुढे लिनियसने फुलांतील केसरांच्या संख्येवरून वनस्पतींचे वर्ग पाडले आणि वर्णनासाठी नवरा, नवरी, शयनगृह असे शब्द वापरले, तेव्हा सेंट पीटर्सबर्गच्या सीगेसबेक नावाच्या पंडिताला तो अनाचार वाटला. माझे स्वतःचे मत असे की पंडिताचा राग जितका अनाठायी होता तितकेच लिनियसचे रूपकही अनाठायी होते. आपल्या शाळांच्या पुस्तकांतूनही फुलांचा विवाह लावण्याची हौस दिसते. फुलाला लग्न नाही, लाज नाही आणि सासरही नाही. त्याला एक अवघड काम उरकायचे असते, आणि ते कसे उरकते हे पाहण्यात जी गंमत आहे ती मुंडावळ्या बांधून वाढत नाही.

आता प्रत्यक्ष फूल पाहू. चैत्र-वैशाखात कपाशीचे फूल मिळायचे नाही, म्हणून मी हे जास्वंदीचे आणले आहे. दोन्ही एकाच कुळातली, भेंडीही त्यातलीच. मधोमध हा जो दांडा बाहेर आला आहे, त्याच्या अंगावर पिवळ्या दाण्यांसारखे दिसतात ते परागकोश. पुंकेसरांचे देठ एकमेकांस जुळून त्यांची नळी झाली आहे. त्या नळीच्या आतून दुसरा एक देठ वर येतो आणि टोकाला लाल मखमली ठिपके दाखवतो. ती कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचे तोंड. खाली, पाकळ्यांच्या बुडाशी, अंडाशय. कपाशीत तेच पुढे बोंड होते. त्यात तीन ते पाच कप्पे आणि दर कप्प्यात आठ-दहा बीजांडे असतात. एकाच फुलात नर आणि मादी अशी सूतभर अंतरावर नांदतात.

कपाशीचे अमेरिकन जातीचे फूल सकाळी उमलते तेव्हा दुधी पांढरे असते. दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग लालसर होऊन गळते. शेतात उभे राहून पांढरी फुले मोजली की आज किती उमलली ते कळते, गुलाबी मोजली की कालचा हिशेब मिळतो. कामगारांच्या हजेरीपुस्तकात इतका प्रामाणिकपणा मला फार थोड्या ठिकाणी दिसला.

त्या पांढऱ्या दिवशी काय घडते? कपाशीचा परागकण मोठा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा, काटेरी आणि चिकट असतो. वाऱ्यावर उडून जाणारा तो नव्हे. तो एक तर स्वतःच्याच फुलाच्या कुक्षीवर पडतो, नाही तर मधमाशीच्या, भुंग्याच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलावर जातो. कुक्षीवर बसला की पाणी शोषून फुगतो आणि त्यातून एक बारीक नळी फुटते. ही परागनलिका प्रथम पाहिली इटलीच्या आमिचीने, 1820 नंतरच्या दशकात. आमिची स्वतः उत्तम सूक्ष्मदर्शक बनवणारा. त्याने पाहिले ते घोळीच्या फुलात. आपण तिची भाजी करतो तीच घोळ, गुलाब नव्हे की कमळ नव्हे. कपाशीत ती नळी देठाच्या आतून खाली उतरत अंडाशयापर्यंत पोहोचते. स्वतःच्या आकाराच्या दोनशेपट अंतर ती सुमारे एका दिवसात कापते. मक्याचे कणीस सोलताना जे रेशमी केस निघतात, तो प्रत्येक केस म्हणजे एका दाण्याची वाट आहे. वीतभर लांबीच्या त्या केसातून नळी खाली उतरते तेव्हा एक दाणा भरतो. कणसात दाणा गळालेला दिसला की समजावे, त्या केसावर पराग पोहोचला नाही.

नळीतून दोन नरपेशी जातात. एक असती तरी काम भागले असते, असे पूर्वी शास्त्रज्ञांनाही वाटे. 1884 साली स्ट्रासबुर्गरने एका नरपेशीचे केंद्रक अंडपेशीच्या केंद्रकाशी एकरूप होताना दाखवले. दुसरीचे काय होते, हे कोडे कीव्ह येथील नवाशिन याने 1898 साली सोडवले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या गिन्यारने त्याला दुजोरा दिला. पहिली नरपेशी अंडपेशीशी मिळते आणि तिचा गर्भ होतो, म्हणजे उद्याचे झाड. दुसरी बीजांडाच्या मध्यावरील दोन केंद्रकांशी मिळते, आणि त्या तिघांच्या मिलाफातून गर्भाची शिदोरी तयार होते. शास्त्रात तिला पुष्क म्हणतात. बापाकडून एकाच वेळी मूलही यावे आणि त्या मुलाच्या पोटापाण्याची तजवीजही यावी, ही व्यवस्था फुलझाडांचीच. कपाशीत ही शिदोरी वाढत्या गर्भाची दोन दळेच संपवून टाकतात, म्हणून सरकीचे तेल निघते ते दळांतून. ज्वारीत ती शेवटपर्यंत दाण्यात शिल्लक राहते. आपण जिचे पीठ मळतो ती बहुतांशी हीच शिदोरी. रोजची भाकरी या दुसऱ्या मीलनाची आहे, हे वाचले त्या रात्री मी भाकरीकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले.

या विद्येत आपला देशही मागे नाही. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांनी वनस्पतींच्या गर्भविज्ञानाची मोठी परंपरा उभी केली. 1950 साली निघालेला त्यांचा ग्रंथ जगभर वाचला गेला. 1962 साली तिथेच अफूच्या झाडाची बीजांडे आणि परागकण काचेच्या नळीत एकत्र आणून बी धरवण्याचा प्रयोग यशस्वी झाला. फुलाबाहेर फलधारणा.

परंतु मला प्रयोगशाळेपेक्षा शेतातल्या हाताविषयी अधिक बोलायचे आहे. फुलाचे हे काम वारा करतो, माशी करते, पाखरू करते; आणि जिथे यांपैकी कोणी करीनासे होते तिथे माणूस करतो. मेसोपोटेमियात खजुराच्या नरझाडाचा तुरा मादीझाडावर बांधण्याची रीत हजारो वर्षांची आहे. पण सर्वांत बोलकी हकीकत आहे व्हॅनिलाची.

व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोची वेल. तिथल्या माश्या तिची फुले फळवीत. फ्रेंचांनी ती हिंदी महासागरातील रेयूनियन बेटावर नेली. वेल फोफावली, फुलली, पण शेंग धरेना. कारण तिच्या ओळखीची माशी तिथे नव्हती. व्हॅनिलाच्या फुलात पराग आणि कुक्षी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो आणि फूल जेमतेम एक दिवस टिकते. 1836 साली बेल्जियममधील मॉरन या प्राध्यापकाने काचगृहात हाताने शेंग धरवली होती, पण मळ्यात चालेल अशी युक्ती निघाली नव्हती. ती काढली 1841 साली एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने. बांबूच्या बारीक काडीने तो पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबायचा. काही क्षणांचे काम. मालकाने त्याला मळ्यामळ्यांतून फिरवून इतर गुलामांना ही युक्ती शिकवायला लावली आणि बेटावर व्हॅनिलाचा मोठा व्यापार उभा राहिला. 1848 साली गुलामगिरी संपली तेव्हा एदमोंला आल्बियस हे आडनाव मिळाले. शोधाचा मोबदला मात्र मिळाला नाही. पुढे एका वनस्पतितज्ज्ञाने ती युक्ती आपलीच होती असा दावाही केला. त्याचा जुना मालक त्याच्या बाजूने उभा राहिला, हे त्या मालकाच्या नावे नोंदवले पाहिजे. एदमों 1880 साली दारिद्र्यात वारला. आजही जगात व्हॅनिला पिकते ती बहुतेक सारी त्याच्याच रीतीने.

ही दूरच्या बेटावरची गोष्ट मी सांगितली, कारण तिच्यासारखेच काम आपल्या दारात चालते. 1970 साली सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-4’ हा कपाशीचा वाण दिला. व्यापारी लागवडीसाठी तयार झालेली जगातली ही पहिली संकरित कपाशी. तिची आई गुजरात-67, बाप अमेरिकन नेक्टारिलेस, म्हणजे ज्याच्या पानांवर मधाच्या ग्रंथी नसतात असा वाण. दोन निराळ्या वाणांचे बी पहिल्या पिढीत जोमदार निघते. पण त्याच पिकाची सरकी शेतकऱ्याने पुढच्या वर्षी पेरली तर झाडे एकसारखी येत नाहीत, आजी-आजोबांचे गुण विखरून बाहेर पडतात. म्हणून बी दरवर्षी नवे विकत घ्यावे लागते. 2002 साली बोंडअळीशी झुंजणाऱ्या जनुकाच्या कपाशीला परवानगी मिळाली. तिचा प्रसारही जवळजवळ सगळा संकरित वाणांतूनच झाला. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील शेतकरी सरळ वाण लावतात. आपल्याकडे मात्र संकरिताचेच राज्य. त्याला शास्त्रीय कारणे सांगितली जातात, ती असतीलही. पण मला दिसणारे कारण असे की तिकडे हे बी करायला इतक्या थोड्या मजुरीत इतके हात मिळत नाहीत.

कारण हे बी माशीवर सोडून चालत नाही. कपाशीच्या फुलात नरमादी शेजारीशेजारी, आणि आपल्याला हवा असतो परका बाप. तेव्हा आईच्या ओळींतले प्रत्येक फूल उमलण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी तीननंतर, गाठावे लागते. उद्या उमलणारी कळी ओळखायची, तिच्या बुडाशी अंगठ्याच्या नखाने गोल चीर द्यायची आणि पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी पिळून अलगद उपटून काढायची. आतली कुक्षी दुखावता कामा नये, अंडाशयाला नख लागता कामा नये. मग त्यावर कागदाची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊपासून दुपारच्या आत बापाच्या ओळीतले फूल घेऊन त्याचा पराग त्या उघड्या कुक्षीवर फिरवायचा. एका नरफुलात पाचेक माद्या उरकतात. खूण म्हणून दोरा बांधायचा. एखादी कळी नजरेतून सुटली तर ती आपल्याच परागाने फळते, आणि असे बी मिसळले की शुद्धतेच्या चाचणीत सगळा माल नापास होण्याची भीती. हे रोज, खाडा न करता, सुमारे दोन महिने. जालना आणि त्याला लागून असलेला देऊळगाव राजाचा मुलूख बियाण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे याला ‘सीड प्लॉट’ म्हणतात. काम करणाऱ्या बहुतेक बायका.

कामगार चळवळीतल्या माणसाला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा ढोबळ हिशेब ऐका. बाजारात कपाशीची पुडी कित्येक वर्षे 450 ग्रॅमची होती. शंभर बियांचे वजन नऊ ग्रॅम धरले तर पुडीत पाच हजार बिया. हाताने फळवलेल्या बोंडात पंचवीस बिया धरल्या तर दोनशे बोंडे. दर बोंडासाठी संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा हात लागतो, म्हणजे चारशे वेळा. शिवाय फळवलेली सगळीच फुले टिकत नाहीत, पुष्कळ गळतात. त्या फुकट गेलेल्या कष्टाचा आकडा निराळा. पुडीवर जनुकाचे नाव असते, वाणाचा क्रमांक असतो, शुद्धतेचे शेकडा प्रमाण असते. 2015 साली सरकारने कापूस बियाण्याच्या किमतीवर नियंत्रण आणले आणि जनुकाच्या मालकाचे स्वामित्वशुल्क किती, यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. या चारशे स्पर्शांचे मोल किती, यावर कोणी वकील उभा केल्याचे मला तरी आठवत नाही.

आणि हे हात कोणाचे? 1990 नंतरच्या काळात आंध्र, कर्नाटक, तामिळनाडू आणि गुजरात येथील बियाण्याच्या शेतांत लहान मुली मोठ्या संख्येने कामाला होत्या. राजस्थानच्या डुंगरपूर भागातून आदिवासी मुले गुजरातेत नेली जात. समर्थन असे की मुलांची बोटे नाजूक, उंची झाडाएवढी, कंबर दुखत नाही. बोटांचे हे शास्त्र मी पुष्कळ तपासले. कळी फोडायला लागते ते नख, नजर आणि सवय. तिन्ही मोठ्या बाईजवळ अधिक असतात. मुलाजवळ कमी असते ती फक्त मजुरी मागण्याची ताकद. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच धंद्यांत मनाई झाली, पण घरच्या कामात शाळा सांभाळून मदत करण्याची मुभा राहिली. शेतात उभ्या मुलीला विचारा, ती म्हणते, हे मामाचे शेत. मामा पुष्कळांना असतात.

बी पिकवणारा शेतकरीही या साखळीत फार वरचा नाही. भाव कंपनी ठरवते, उचल मध्यस्थ देतो, आणि चाचणीत माल नापास झाला तर उचल अंगावर राहते. म्हणून मजुरीचा प्रश्न बांधावर भांडून सुटत नाही. आमचे म्हणणे असे की बियाण्याच्या खरेदीदरातच मजुरीचा भाग वेगळा दाखवावा, तो किमान वेतनाच्या खाली नसावा, आणि दिवस तासांवर मोजावा. सकाळची पाळी आणि संध्याकाळची पाळी यांच्यामधले चार तास बाई घरी जाऊन येते, म्हणून तो अर्धा रोज, हा हिशेब बंद करावा. आता नर-वंध्य वाण आले आहेत, ज्यांच्या फुलात परागच धरत नाही. त्यामुळे संध्याकाळचे काम वाचते, सकाळचे राहते. वाचलेल्या खर्चाची वाटणी कशी होणार, हे विचारण्याची वेळ हीच.

काही तरुण कार्यकर्ते मला विचारतात, मग संप का करीत नाही? गिरणीत संप झाला तर गासडी गोदामात वाट पाहते. कपाशीची कुक्षी एक सकाळ वाट पाहते, त्यानंतर नाही. भर हंगामात दोन दिवस हात थांबले तर शेतकरी कोलमडेल; एवढे धारदार हत्यार दुसऱ्या कुठल्या कामगाराजवळ नसेल. ही गोष्ट मी एका बैठकीत मोठ्या उत्साहाने बायकांसमोर मांडली. त्या ऐकून घेत होत्या. त्यांतली एक वयस्क बाई म्हणाली, “भाऊ, फुलानं काय घोडं मारलंय आमचं? आन् शेतवाला तरी आमच्याच गल्लीतला. बोलायचं तं ज्यायचं नाव पुडीवर हाये त्यायच्याशी बोला, आन् फुलं लागायच्या आधी बोला.”

जूनमध्ये पेरलेल्या कपाशीला नागपंचमीच्या सुमारास पाते धरते आणि त्यामागोमाग कळ्या फोडायला सुरुवात होते. तेव्हा आमच्याजवळ आजपासून तीन महिने आहेत, आणि पुडीवर नावे असलेल्यांना पहिले पत्र गेले आहे.